साहेबांचे मासे आमच्या घरी

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. औषधांचा कारखाना नवा होता आणि कामगारांसाठी बांधलेली वसाहत त्याहून नवी. आमच्या क्वार्टरच्या भिंतीला टेकून बसलं की पाठीला चुना लागायचा. दोन खोल्या, मोरी, नळ, विजेचा दिवा. मागच्या दारातून बाहेर पडलं की बाजरीची शेतं आणि त्यांच्या पलीकडे पवना नदी. माहेरी पुण्यात आम्ही आठ माणसं दीड खोलीत राहत होतो, त्यामुळे मला ही जागा मैदानासारखी वाटायची. पहिले काही दिवस मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत असे.

आमचे हे चाकणजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती थोरले दीर बघायचे. कारखान्यात गेलेले घरातले हे पहिलेच. वर्कशॉपमध्ये फिटर होते, पण अजून कायम झालेले नव्हते. आमचा संसार मांडून द्यायला म्हणून सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला आळंदी चुकवायच्या नाहीत. बोलणं मोजकं. माझं बोलणं त्यांना भरभर वाटायचं आणि त्यांचं मला तुटक. ह्यांची दुपारपाळी असली की आम्ही दोघी रात्रीपर्यंत एका घरात असायचो आणि कामापुरतं बोलायचो. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. पण त्या गावी परत गेल्या की या नव्याकोऱ्या वसाहतीत मी एकटी पडणार, ही धास्ती मला होती. आणि त्या कधी जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

अशात एका सकाळी आमच्या दारात हातगाडी येऊन थांबली. गाडीवर लोखंडी चौकटीची काचेची मोठी पेटी होती, तिच्यात तळाशी वाळू आणि वीतभर पाणी. मागून हे येत होते, दोन हातांत दोन बादल्या, पाणी हिंदकळू नये म्हणून पाय जपून टाकत.

"हे काय?" मी विचारलं.

"साहेबांचे मासे," हे म्हणाले. "साहेब परदेशी चाललेत ट्रेनिंगला. वहिनीसाहेब बाळंतपणाला माहेरी जाणार. बंगला बंद. मला म्हणाले, तू सांभाळशील का? मी हो म्हटलं."

साहेब म्हणजे ह्यांच्या खात्याचे मुख्य. त्यांच्या पत्नीला सगळी वसाहत वहिनीसाहेब म्हणायची. या पेटीच्या चौकटीचा एक सांधा ह्यांनी कधीतरी दुरुस्त करून दिला होता, तेवढ्यावरून साहेबांना हे आठवले. आणि कायम न झालेला माणूस साहेबांना नाही कसा म्हणणार?

आत्याबाई चुलीपासून उठून आल्या. बादलीत वाकून बघितलं. "मासं?" त्या म्हणाल्या. "माळकऱ्याच्या घरात?"

"आई, खायला नाही आणले. बघायला आहेत."

"बगायला," असं म्हणून त्या आत गेल्या.

पेटी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबलावर ठेवली. साहेबांनी तोंडी सांगितलेलं हे मला समजावत होते. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. तांब्यापितळेचं भांडं पाण्याला लावायचं नाही. खाणं चिमूटभरच. खाण्याचा डबा त्यांनी दिला होता, त्यात सुकटीची पूड होती. आत्याबाईंना लांबूनच वास आला. तो डबा घरात आला नाही, मागच्या भिंतीवर आठवडाभर पडला आणि मग मांजराने त्याचा निकाल लावला. आमच्याकडे माशांना कणकेचे कण, शिजवलेला रवा आणि बारीक चिरलेला पालक मिळू लागला, आणि त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं.

एकूण आठ मासे होते. चार लाल, त्यांतल्या दोघांच्या शेपटीला तलवारीसारखं टोक. दोन चपटे, अंगावर काळे उभे पट्टे, पाण्यात कागद तरंगावा तसे तरंगायचे. आणि दोन निळे, तळहाताएवढे, एक नर आणि एक मादी. साहेबांनी इंग्रजी नावं सांगितली होती, ती ह्यांनाही आठवत नव्हती. पहिले काही दिवस सगळे कोपऱ्यात गोळा होऊन राहिले. वाटेत पेटी हलवताना आतल्या पाणवनस्पती उपटल्या गेल्या होत्या, त्या कुजून गेल्या. मी त्या काढून टाकल्या. आता पेटी स्वच्छ दिसते असं मला वाटलं. वाळू, एक दगड आणि पाणी, बस्स.

उन्हाळा तापू लागला आणि निळा नर बदलला. अंगावरचा रंग गडद झाला. खिडकीकडचा कोपरा त्याने धरला आणि तिथे पाण्यावर तोंडाने बुडबुडे सोडून साबणासारखा फेस जमवायला लागला.

आत्याबाई येता-जाता बघत होत्या. बघत नाही असं दाखवत, पण बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "ह्यो घर बांधतोय वाटतं."

घर बांधून झालं आणि त्याने बाकीच्यांना जगणं नकोसं केलं. कोणीही जवळ आलं की बाण सुटावा तसा जायचा. लाल मासे या टोकाकडून त्या टोकाकडे पळायचे आणि पळून जातील कुठे, काचेवर आपटायचे. चपटे दोघे एका कोपऱ्यात उभे राहून हलेनासे झाले. सगळ्यात वाईट हाल मादीचे. तिचे पंख कडेने फाटून झालरीसारखे लोंबायला लागले. ती एकुलत्या एका दगडामागे शिरायची, तर हा दगडाला वळसा घालून तिला बाहेर काढायचा. मी काचेवर टिचकी मारायची. तो थबकायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा सुरू.

एका सकाळी लालांपैकी एक तळाशी आडवा पडलेला होता. शेपटी जवळजवळ नव्हतीच.

मी त्याला काढून मागे मातीत पुरलं. हात धुऊन आत आले तर आत्याबाई खोलीच्या मधोमध बसून आपल्या लुगड्यांचं गाठोडं बांधत होत्या.

"मी जाते गावाला," त्या म्हणाल्या.

हे रात्रपाळी करून आले होते, अंथरुणावर उठून बसले. "का गं आई?"

"माळ घातलीया म्या. एकानं दुसऱ्याला डोळ्यांदेखत फाडायचं आन म्या तितंच बसून भाकर खायची, न्हाई व्हायचं माज्याच्यानं."

"अगं, मासे आहेत ते. नदीत काय वेगळं होतं?"

"नदीत पळायला जागा आसती," आत्याबाई म्हणाल्या.

एक तर साहेबांचा मासा मेला होता, आणि बाकीचेही जातील असं दिसत होतं. हे बोलत नव्हते, पण साहेब परत येऊन रिकामी पेटी बघतील आणि मग आपलं कायम व्हायचं काय होईल, हेच त्यांच्या डोक्यात होतं. आणि वर आत्याबाई निघाल्या होत्या. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"आत्याबाई, पळायला जागा करून दिली तर?"

"कुठनं करशील? एवढीशी ती पेटी."

"ते मला नाही ठाऊक. पण तुम्ही गेलात तर मला एकटीला नाही जमायचं."

त्यांनी गाठोडं तसंच बांधलेलं ठेवून भिंतीला सरकवलं. सोडलं नाही, पण उचललंही नाही.

पहिला उपाय ह्यांनी केला. बाजारातल्या सिंधी दुकानदाराकडून बिस्किटांची मोठी काचेची बरणी आणली आणि निळ्याला त्यात टाकलं. पेटीत एकदम शांतता झाली. मादी दगडामागून बाहेर आली, चपटे हलायला लागले, मलाही जेवण गेलं. मला वाटलं, सुटलो.

ती शांतता टिकली नाही. तलवारीच्या शेपटीवाल्या लालांपैकी जो मोठा होता, कालपर्यंत जीव मुठीत धरून पळणारा, त्याने निळ्याचा कोपरा घेतला आणि दुसऱ्या तलवारवाल्याच्या मागे लागला. तीच धावपळ, तेच काचेवर आपटणं. हे कपाळाला हात लावून बसले. "याला पण बरणीत टाकू का? मग उरलेल्यांतला तिसरा उठेल. शेवटी सात बरण्या लागतील आपल्याला."

आणि इकडे बरणीतल्या निळ्याचा रंग उडाला. खाईना. तळाशी बसून राहिला. आत्याबाई त्याच्याजवळ बसलेल्या मी पाहिल्या. ज्याच्यावर त्या एवढ्या चिडल्या होत्या त्याच्यापुढे कणकेचे कण टाकत होत्या आणि हळू आवाजात म्हणत होत्या, "खा रं बाबा. तुजं घर गेलं म्हनून उपाशी ऱ्हातुस व्हय?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्येला कोंडून मारल्यानं आपुन काय चांगलं केलं?"

"मग काय करू या?"

"चल नदीला," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी पाटी घेऊन मागच्या दाराने पवनेवर गेलो. शेतं नांगरून पडली होती, ढेकळांवरून चालताना माझ्या चपला निघत होत्या आणि आत्याबाई अनवाणी माझ्या पुढे चालत होत्या. उन्हाळ्यातली नदी, गुडघाभर पाणी. आत्याबाई कासोटा वर खोचून सरळ आत शिरल्या. दगडांखाली लांब हिरवं पाणगवत हलत होतं, ते त्या मुळासकट उपटून माझ्याकडे टाकायच्या आणि मी पाटीत भरायची. शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि त्या पाण्यात फतकल मारून बसल्या. मी घाबरून धावले, तर त्या हसत होत्या. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

लुगडं वाळेपर्यंत आम्ही काठावर बसलो. त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांच्या सासरी एका चुलीवर चार जावा होत्या. थोरलीचा हात फार चालायचा. "मी लहान व्हते. नदीवर धुनं घिऊन यायची आन दुपारपातूर घरला जायाची न्हाई," त्या म्हणाल्या. "धुनं कवाच झालेलं आसायचं."

मग त्यांनी दगड निवडायला घेतले. दोन्ही मुठींत मावतील एवढे, गुळगुळीत.

घरी येऊन गवत आणि दगड विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवले, मग पुन्हा पुन्हा धुतले. ह्यांनी बांधकामाच्या ठिकाणाहून नळीची कौलं आणली, गावाकडच्या घरांवर असतात ती अर्धगोल. तीही घासली. सुटीच्या दिवशी आम्ही तिघं कामाला लागलो. निळा सोडून सगळे मासे मातीच्या माठात काढले. पेटीतलं अर्धं पाणी उपसलं. पूर्वीची कुठलीच खूण ठेवायची नाही असं आमचं ठरलं. खिडकीजवळचा कोपरा आता गवताने भरून गेला, वाळूचे उंचवटे बदलले, मधोमध दगडांची रांग लावली, म्हणजे या टोकाला बसलेल्याला ते टोक दिसू नये. कौलं पालथी घालून ठेवली, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी तोंड.

"एकच तोंड आसलं की आत गेलेला अडाकतो," आत्याबाई म्हणाल्या. "हिकडनं शिरला की तिकडनं निसटला पायजे."

ह्यांनी पेटीही खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावली, तिथे ऊन पोचत नव्हतं. पाणी निवल्यावर आधी मादीला सोडलं, मग चपटे, मग लाल. त्यांना एक दिवस सगळं फिरून बघू दिलं. निळ्याला सगळ्यांच्या शेवटी.

तो पडला आणि पहिल्यांदा गोंधळला. आपला कोपरा शोधत काचेच्या कडेने फिरला. कोपरा नव्हताच. मग मोठ्या लालवर धावला. लाल कौलात शिरला. निळा कौलाच्या तोंडाशी उभा राहिला, तोवर लाल पलीकडून निघून गवतात गेला होता. निळा तिथेच थांबला आणि थोड्या वेळाने कशासाठी थांबलो होतो हे विसरल्यासारखा निघून गेला.

आम्ही तिघं टेबलाभोवती श्वास रोखून उभे होतो. ह्यांनी हळूच विचारलं, "झालं?"

"गप बस," आत्याबाई म्हणाल्या.

खाणं टाकायच्या वेळी मात्र अजून झटापट व्हायची. त्याची तोडही आत्याबाईंनीच काढली. आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर लोक माशांना लाह्या टाकतात. एकाच जागी टाकल्या की मोठे मासे बाकीच्यांना येऊ देत नाहीत, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून त्या पेटीच्या एका टोकाला बसायच्या आणि मी दुसऱ्या. "टाक," त्या म्हणाल्या की दोघींनी एकदम कण सोडायचे. निळा त्यांच्याकडे जायचा, आणि तोवर माझ्या बाजूचे खाऊन मोकळे. मग आम्ही जागा बदलायचो. सकाळ-संध्याकाळ आमचा हा कार्यक्रम, आणि तो चालू असताना गप्पाही व्हायच्या. त्यांच्या गावातल्या, माझ्या माहेरच्या, शेजारणींच्या. आता माझं बोलणं त्यांना भरभर वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी त्या तसं म्हणत नव्हत्या.

भांडणं पार थांबली असं नाही. पुढेही निळा अधूनमधून कोणाला तरी ढुशी मारायचाच. पण जखमा होईनाशा झाल्या. मादीच्या पंखांना कडेने नवीन पातळ पापुद्रा आला, काचेसारखा, आणि हळूहळू त्यात रंग भरला. ज्या दिवशी ती दिवसाउजेडी मधोमध येऊन निवांत उभी राहिली त्या दिवशी मी हातातली भाजी टाकून आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी येऊन बघितलं, मान हलवली आणि भिंतीशी पडलेलं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकली. मोरीत जाऊन मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

श्रावणात वहिनीसाहेब परत आल्या. निरोप आला की संध्याकाळी येऊन मासे बघतील. मी दिवसभर आत-बाहेर करत होते. एक मासा कमी होता, तो काही लपवता येणार नव्हता. पेटी ओळखू येत नव्हती, त्यांच्या देखण्या वाळूवर आम्ही कौलं पसरली होती. हे मुद्दाम ओव्हरटाइम घेऊन कारखान्यात थांबले. त्यांना समोर उभं राहायचं धैर्य होत नव्हतं.

वहिनीसाहेब बाळाला घेऊन आल्या. उंबऱ्यातच थांबल्या, आत येईनात. तिथूनच विचारलं, "आहेत का गं?"

"आहेत," मी म्हटलं. "पण एक लाल गेला. सुरुवातीलाच. आमच्याकडून..."

"एकच?"

त्या भराभर आत आल्या आणि टेबलाजवळ वाकून बघायला लागल्या. मादी नेमकी पुढे आली होती. "ही जिवंत आहे!" त्या म्हणाल्या आणि सरळ खाली सतरंजीवरच बसल्या. "अगं, मला वाटलं होतं, पेटीत तो निळा एकटा उरला असेल. ही त्याची तिसरी मादी. आधीच्या दोन्ही त्याने मारल्या. किती सांगितलं यांना, देऊन टाका कोणाला तरी, पण ऐकतील तर! तुमच्याकडे आले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आणि मग माहेरी रोज वाटायचं, आपली कटकट त्या नव्या नवरीच्या गळ्यात बांधून आलो. तुम्ही शिव्या देत असाल मला."

मला हसू यायला लागलं. थांबेचना. इतके महिने ज्यांची भीती बाळगली त्या स्वतःच आमच्या दाराशी घाबरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. आवाजाने बाळ जागं झालं. आत्याबाईंनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"कुनी शिव्या न्हाई दिल्या," त्या म्हणाल्या. "त्यो वंगाळ न्हाई. त्येला जागा कमी पडत हुती."

साहेब दिवाळीच्या सुमाराला आले. कौलं बघून त्यांनी नाक मुरडलं, पण वहिनीसाहेबांनी पेटी कौलांसकटच नेली. साहेबांनी ह्यांना एवढंच विचारलं, "निळ्याने त्रास दिला का?" आणि हे म्हणाले, "थोडाफार, साहेब." ह्यांचं कायम होणं पुढे रीतीप्रमाणे झालं, त्याचा माशांशी काही संबंध नव्हता. तो आमच्याच मनाने जोडला होता.

पण मला आठवते ती वहिनीसाहेब येऊन गेल्यानंतरची संध्याकाळ. हे पाळी संपवून आले, सायकल भिंतीला लावली आणि दारातूनच माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेऊ लागले. मी सगळं सांगितलं. दारापासून काय काय झालं ते, हसण्यापर्यंत. ते पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "भूक लागलीय." कित्येक दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. आत्याबाई चुलीवरून गरम भाकरी वाढत होत्या आणि हे खात होते, पिठलं संपलं तरी नुसत्या मिरचीशी खात होते. शेवटी आत्याबाईंनी परात पुढे करून रिकामी दाखवली.

"पीठ संपलं बाबा," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलेली भूक उद्या आन."